वसतिगृहाचा स्नेहमेळावा : पहिल्या फोनपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांतल्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं त्या गावात उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८चं. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग सुरू केलं. पुढे पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आली, जिल्ह्याजिल्ह्यातल्या महाविद्यालयांची वसतिगृहं आली. घरातला पहिला पदवीधर अशाच एखाद्या खोलीत, लोखंडी कॉटवर, एस.टी.नं गावाहून आलेला डबा खाऊन घडला, असं सांगणारी माणसं महाराष्ट्रात कुठेही भेटतील.

त्यामुळे वसतिगृहाला पंचवीस, पन्नास किंवा शंभर वर्षं झाली की मेळाव्याची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येतेच. अमेरिकेतल्या विद्यापीठांत फ्रॅटर्निटी नावाच्या विद्यार्थी-मंडळांचे असेच वर्धापनदिन साजरे होतात. तिथे दीक्षा घेतलेल्या सभासदांची नोंद मंडळाचं मध्यवर्ती कार्यालय ठेवतं, त्यामुळे निमंत्रणं कुणाला पाठवायची हा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. आपल्याकडे अनामत रक्कम परत घेतली की वसतिगृहाशी असलेला कागदोपत्री संबंध संपतो. म्हणून आपल्या मेळाव्याचं सगळ्यात मोठं काम माणसं शोधण्याचं आहे. मंडप, जेवण, गाणी यांची व्यवस्था पैसे मोजले की होते. जो सहज सापडतो तो बहुतेक वेळा येतोही. जो सापडत नाही, किंवा सापडूनही ‘बघू’ म्हणून फोन ठेवतो, त्याच्यासाठी आयोजकांनी आपली निम्मी ताकद राखून ठेवावी. पुढे जे काही सांगितलं आहे, ते याच हिशेबानं.

मेळावा नक्की कुणाचा?

पहिल्या बैठकीत हाच प्रश्न सोडवा. एकाच तुकडीचा रौप्यमहोत्सव असेल तर सत्तर-ऐंशी माणसांचा घरगुती कार्यक्रम होतो. वसतिगृहाचा सुवर्णमहोत्सव असेल तर वीस वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे येणार, आणि त्यांना एकमेकांची ओळख नसणार. दोन्हींचं नियोजन वेगळं आहे. मोठा मेळावा करायचा असेल तर प्रत्येक चार-पाच वर्षांच्या टप्प्यामागे दोन माणसं नेमा. आपल्या काळातली माणसं त्यांनीच शोधायची, त्यांनीच बोलवायची आणि त्या दिवशी दारात उभं राहून त्यांनीच ओळखायची.

समिती लहान ठेवा. सात-आठ कामाची माणसं पुरतात. त्यात एक जण वसतिगृह असलेल्या गावात राहणारा हवाच, कारण प्राचार्यांची सही, मांडववाल्याची भेट, हॉलची पाहणी ही कामं पुण्या-मुंबईत बसून होत नाहीत. एक जण हिशेबाला चोख हवा. आणि एक जण असा हवा की ज्याला कुणीही अडचण सांगू शकेल. हा तिसरा माणूस पुढे फार उपयोगी पडतो.

सुरुवात किती आधी करावी? तुकडीच्या मेळाव्याला सहा महिने, वसतिगृहाच्या मेळाव्याला किमान दहा. परदेशातून येणाऱ्यांना रजा आणि विमानाची तिकिटं काढायची असतात, त्यांना तारीख लवकर लागते.

यादी : इथे वेळ घाला

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला की यादी झाली, असं अनेकांना वाटतं. ग्रुपमध्ये आज १,०२४ माणसं मावतात, पण त्यात तीच येतात जी कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये आधीपासून आहेत. खरी यादी कागदावरून काढावी लागते.

रेक्टरांच्या कार्यालयात प्रवेशाचं रजिस्टर असतं. त्यात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि खोली क्रमांक मिळतो. ते पाहण्यासाठी लेखी परवानगी मागा आणि शक्यतो कार्यालयातल्या कर्मचाऱ्यासमोर बसूनच नावं उतरवून घ्या. जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली किंवा रद्दीत गेलेली असली तर महाविद्यालयाचं वार्षिक नियतकालिक शोधा. त्यात वसतिगृहाच्या अहवालासोबत प्रतिनिधींची, खेळाडूंची, स्नेहसंमेलनात बक्षीस मिळवलेल्यांची नावं छापलेली असतात. ग्रंथालयात त्याचे जुने अंक बांधून ठेवलेले असतात. निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो कुणाच्या तरी घरी भिंतीवर असतोच. त्याचा स्वच्छ फोटो काढून प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि तो सगळ्यांना पाठवा. ‘क्रमांक २३ कोण?’ या प्रश्नाला उत्तरं पटापट येतात, आणि गप्प बसलेली माणसंही बोलायला लागतात.

रजिस्टरात नसलेली माणसंही असतात. मित्राच्या खोलीत चटई टाकून दोन-दोन वर्षं काढलेली, पुण्याच्या हॉस्टेलांत ज्यांना पॅरासाइट म्हणत, ती. खोली मिळाली नाही किंवा फी परवडली नाही म्हणून ती तशी राहिली. कागदावर त्यांचं नाव नाही, पण वसतिगृहाच्या आठवणींत ती असतात. प्रत्येक खोलीच्या रहिवाशांना आवर्जून विचारा : तुमच्याकडे आणखी कोण राहायचं?

मुलींच्या वसतिगृहाची यादी करताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहायला वेगळे रकाने ठेवा. समाजमाध्यमांवर माहेरच्या नावानं शोधून मैत्रीण सापडत नाही, आणि सासरचं नाव कुणाला माहीत नसतं. इथे गावाकडून शोध घ्यावा लागतो. भावाचं दुकान, वडिलांची शाळेतली नोकरी, गावातला एखादा नातेवाईक असा एखादा दुवा मिळतो. माहेरी फोन केल्यावर मुलीचा नंबर लगेच मागू नका. आपलं नाव, वसतिगृहाचं नाव आणि आपला नंबर द्या, आणि तिलाच फोन करायला सांगा. त्यात तिची सोय आहे आणि घरच्यांची शंकाही मिटते.

बाकीचा शोध तालुकावार वाटून घ्या. शिरोळचा माणूस शिरोळची नावं शोधेल, आटपाडीचा आटपाडीची. ग्रामपंचायत, विकास सेवा सोसायटी, गावातली माध्यमिक शाळा, एस.टी. स्टँडजवळचं जुनं दुकान, अशा ठिकाणी एका फोनवर माणसाचा पत्ता लागतो. शहरात नोकरीला गेलेल्यांपेक्षा गावी परतून शेती करणारे खरं तर सोपे सापडतात. अडचण एवढीच की त्यांना शोधायचं कुणाला सुचत नाही.

यादी एका तक्त्यात ठेवा : नाव, राहिल्याची वर्षं, खोली क्रमांक, मूळ गाव, आताचं गाव, फोन, कुणी बोललं, काय म्हणाला. शेवटचे दोन रकाने फार महत्त्वाचे. त्यांच्याशिवाय एकाच माणसाला पाच जण फोन करतात आणि दुसऱ्याला कुणीच करत नाही. हा तक्ता समितीपुरताच ठेवा. सगळ्यांचे नंबर ग्रुपवर टाकू नका. विमा आणि जमिनीचे प्लॉट विकणाऱ्यांच्या हाती अशा याद्या लगेच जातात.

निधन झालेल्यांची नावं वेगळी काढा आणि प्रत्येक नावाची दोन ठिकाणांहून खात्री करून घ्या. जिवंत माणसाचं नाव श्रद्धांजलीत वाचलं गेलं तर ती चूक भरून येत नाही. खात्री झाल्यावर त्या मित्राच्या घरीही निमंत्रण द्या. पत्नीला, मुलाला, भावाला. वडील कॉलेजात कसे होते हे मुलांना त्यांच्या मित्रांकडून ऐकायचं असतं.

तारीख आणि जागा

फेब्रुवारी-मार्च सोडा, कारण दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी कुणीतरी परीक्षेला बसलेलं असतं किंवा कुणीतरी शिक्षक असतं. लग्नसराईत हॉल मिळत नाहीत. गणपती आणि दिवाळीत माणसं आपापल्या गावी असतात. ऊसपट्ट्यातल्या वसतिगृहाचा मेळावा असेल तर ज्यांचं शेत आहे त्यांना एकदा विचारून घ्या. तोड आलेली असताना माणूस बांध सोडून येत नाही. परदेशातली मंडळी डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा पहिला पंधरवडा या काळात भारतात असतात, म्हणून जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार सोयीचा पडतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामुळे बँकेतले मित्रही मोकळे.

जागा म्हणून माझं मत स्पष्ट आहे : काही वेळ तरी मूळ वसतिगृहातच घालवा. महामार्गावरचं रिसॉर्ट कितीही छान असलं तरी तिथे कुणाची खोली नसते. माणसं येतात ती आपल्या खोलीच्या दारात उभं राहायला. मात्र वसतिगृहात आज मुलं राहतात, त्यांच्या अभ्यासाच्या आणि झोपेच्या वेळा आहेत. सकाळचे दोन-तीन तास वसतिगृहात आणि बाकी कार्यक्रम जवळच्या हॉलमध्ये, ही विभागणी सगळ्यांच्या सोयीची. मुलींच्या वसतिगृहात पतींना आणि मुलग्यांना कुठपर्यंत प्रवेश आहे हे आधी विचारून निमंत्रणातच लिहा, म्हणजे फाटकावर कुणाचा खोळंबा होत नाही.

परवानगीचं पत्र प्राचार्यांच्या नावे, रेक्टरांना प्रत. मजकूर थोडका असावा :

‘सप्रेम नमस्कार, वि. वि. आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात शिकलेले आम्ही माजी विद्यार्थी येत्या जानेवारीत स्नेहमेळावा घेत आहोत. त्या दिवशी सकाळी ८ ते ११ या वेळेत वसतिगृहाचं आवार आणि भोजनगृह वापरण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. अंदाजे दीडशे जण उपस्थित राहतील. आवाराची स्वच्छता, वाहनतळ आणि शिस्त यांची जबाबदारी आमची राहील. आवारात ध्वनिक्षेपक लावला जाणार नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शैक्षणिक संस्थांच्या भोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. गाणी-बजावणी बंदिस्त हॉलमध्येच ठेवा. पत्राची पोच घ्या. मधल्या काळात प्राचार्य बदलले तर तोंडी दिलेला शब्द त्यांच्याबरोबर जातो.

वर्गणी, देणगी आणि खातं

पैशाची बाजू आधीच नीट मांडली नाही तर मैत्रीत कटुता येते. पहिला नियम म्हणजे वर्गणी आणि देणगी वेगळी. वर्गणी ही जेवणाखाण्याची, राहण्याची. देणगी ही वसतिगृहासाठी काही करण्याची. दोन्हीच्या नोंदी वेगळ्या, पावत्या वेगळ्या.

वर्गणी ठरवताना खर्चाचे दोन भाग करा. हॉल, मांडव, ध्वनियंत्रणा, छायाचित्रं, छपाई हा ठरीव खर्च; माणसं किती आली यावर तो अवलंबून नाही. जेवण, चहा-नाश्ता, निवास हा माणशी खर्च. समजा ठरीव खर्च १,२०,००० रुपये आहे आणि माणशी खर्च १,४०० रुपये. २०० जण येतील असं धरून तुम्ही २,००० रुपये वर्गणी ठेवली आणि प्रत्यक्षात १०० आले, तर जमा २ लाख, खर्च २ लाख ६० हजार. ६० हजारांची तूट समितीच्या खिशातून जाणार. १०० जण धरून हिशेब केला तर वर्गणी २,६०० होते. म्हणून संख्या कमी धरा आणि ठरीव खर्चालाच कात्री लावा. कापडी कमानी, भलेमोठे फ्लेक्स, आतषबाजी, दुरून बोलावलेला सूत्रसंचालक यातलं काहीही नसलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. २,००० रुपये ही रक्कम कुणाला क्षुल्लक वाटेल, कुणाला त्यात घरातला आठवड्याचा खर्च दिसेल. पत्नीसह यायचं तर चार हजार, शिवाय प्रवास. असा मित्र ‘पैसे नाहीत’ असं कधीच म्हणत नाही. ‘नेमकं त्या दिवशी लग्न आहे’ असं म्हणतो. त्यासाठी निमंत्रणात एक ओळ घाला : ‘वर्गणीची अडचण असल्यास फक्त अमुक मित्राशी बोला, ही गोष्ट त्याच्यापाशीच राहील.’ समितीतला तो तिसरा माणूस इथे कामाला येतो. ज्यांना शक्य आहे त्यांच्याकडून चार-पाच जणांची जास्तीची वर्गणी आधीच घेऊन ठेवा. कुणाची कुणी भरली हे कुठेही लिहू नका. सगळ्यांना एकाच प्रकारचा बिल्ला, एकाच प्रकारची खोली, एकाच पंगतीत जेवण. जास्त पैसे देणाऱ्यांसाठी पुढच्या खुर्च्या ठेवल्या की मागच्या खुर्च्यांवरची माणसं पुढच्या वेळी येत नाहीत.

पैसे एकाच्या वैयक्तिक खात्यात जमा करू नका. महाविद्यालयाचा नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ असेल तर त्याच्या खात्यातून व्यवहार करणं सगळ्यात बरं. नसेल तर दोघा-तिघांच्या नावे नवं संयुक्त खातं उघडा, दोघांच्या सहीनं चालणारं. जमा-खर्चाचा तक्ता दर पंधरा दिवसांनी ग्रुपवर टाका. वर्गणी भरलेल्यांची संख्या सांगा, न भरलेल्यांची नावं सांगू नका.

देणगीला प्राप्तिकरातली, ८०जी या नावानं ओळखली जाणारी सवलत हवी असेल तर ती देणगी मान्यताप्राप्त संस्थेलाच दिलेली असावी लागते, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्तीच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. परदेशातल्या मित्रांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहारानं पाठवलेली रक्कम परकीय योगदान मानली जात नाही. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी, त्याच्याकडे ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड असलं तरी, परकीय योगदान नियमन कायदा २०१०च्या कक्षेत येते. ती घ्यायला संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. संस्थेकडे ही सोय नसेल तर प्रेमानं नाही म्हणा. सल्ला सनदी लेखापालाचा घ्या. तुमच्या माजी विद्यार्थ्यांत एखादा असतोच.

निमंत्रण

छापील पत्रिका सुंदर दिसते, पण माणूस येतो तो फोनमुळे. पहिला फोन खोलीतल्या जुन्या पार्टनरनं करावा. तोच ‘तू’ म्हणू शकतो, तोच जुन्या नावानं हाक मारू शकतो. फोननंतर संदेश पाठवा, म्हणजे तारीख आणि जागा हाताशी राहते :

‘मित्रा, आपल्या हॉस्टेलला पन्नास वर्षं होतायत. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी सगळे जमतोय. आपली खोली अजून तशीच आहे. रेक्टर सरांना आणि मेसच्या मावशींनाही बोलावलंय. तू काय करतोस, कुठे असतोस हे महत्त्वाचं नाही. तू यायला हवास. राहण्याची सोय केली आहे. कोल्हापूर स्टँडवर शनिवारी दुपारी गाडी असेल.’

‘तू काय करतोस’ ही ओळ काहींसाठी फार मोलाची ठरते. पदवी अर्धवट सोडलेले, धंद्यात बुडालेले, नोकरी गेलेले, घटस्फोट झालेले मित्र मेळाव्यापासून लांब राहतात, कारण तिथे आपली मोजदाद होईल असं त्यांना वाटतं. म्हणून ग्रुपवर कुणाच्या बढत्यांचे, नव्या गाड्यांचे, मुलांच्या पॅकेजचे फोटो यायला लागले की समितीनं विषय हळूच जुन्या फोटोंकडे वळवावा.

पन्नास वर्षांच्या मेळाव्यात वयस्कर मंडळींना स्मार्टफोनवरचा फॉर्म भरायला लावू नका. त्यांची माहिती फोनवर विचारून तुम्हीच भरा.

मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी, आचारी, रखवालदार, सफाई करणारे यांना बोलवायला घरी जा. पत्र पाठवून भागत नाही. त्यांच्या येण्याजाण्याची गाडी ठरवा, सोबत घरातलं एक माणूस येऊ द्या, आणि सत्कारासाठी त्यांना सगळ्या कार्यक्रमात शेवटी ठेवू नका. सरांच्या आधी ठेवा.

दोन दिवसांची आखणी

भाषणं कमी, मोकळा वेळ जास्त. वर्षानुवर्षांनी भेटलेल्या दोन मित्रांना व्यासपीठाकडे तोंड करून तास-तास बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मंत्री, आमदार, उद्योगपती यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावू नका, ते स्वतः माजी विद्यार्थी असतील तर गोष्ट वेगळी. पण मग तेही बिल्ला लावून हजेरीत उभे राहतील.

शनिवारी दुपारनंतर माणसं जमू लागतात. दारातच नोंदणीचं टेबल, तिथे प्रत्येक टप्प्याचे दोन ओळखणारे. बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरांत, पाच फुटांवरून वाचता येईल असं, आणि खाली खोली क्रमांक व वर्षं. हुद्दा आणि कंपनी लिहू नका. स्त्रियांच्या बिल्ल्यावर वसतिगृहात असतानाचं नाव आधी. पन्नाशीनंतर केस गेलेले असतात, दाढी आलेली असते. बिल्ला नसेल तर मित्र समोर उभा असूनही ओळखू येत नाही आणि दोघांनाही संकोच होतो.

शनिवारची संध्याकाळ फक्त वसतिगृहात राहिलेल्यांची ठेवा. कुटुंबीयांना रविवारी बोलवा. एका संध्याकाळी जुन्या खोड्या, भांडणं, न सांगितलेल्या गोष्टी निघतात. त्या ऐकताना पती किंवा पत्नी शेजारी असली की माणूस अर्धंच बोलतो. शिवाय सोबत आलेल्यांना तीन तास अनोळखी आठवणी ऐकत बसावं लागत नाही. त्या संध्याकाळचा एकच ठरलेला कार्यक्रम असावा : खोल्यांची हजेरी. सूत्रधार खोली क्रमांक पुकारतो, त्या खोलीत जे जे राहिले ते उठून पुढे येतात, प्रत्येक जण नाव, गाव आणि एक आठवण सांगतो. खोलीला चार मिनिटं. साठ खोल्यांचं वसतिगृह असेल तर याला चार तास लागतील, तेव्हा मजल्यानुसार गट करून एकाच वेळी तीन-चार ठिकाणी घ्या. एखाद्या खोलीतून एकच जण आला असेल तर शेजारच्या खोलीसोबत बोलवा, म्हणजे तो एकटा उभा राहत नाही.

रविवारी सकाळी आठला वसतिगृहाच्या भोजनगृहात नाश्ता. कांदेपोहे आणि चहा पुरे. जुन्या ताटल्या मिळाल्या तर आणखी छान. मग खोल्या पाहणं. आज तिथे राहणाऱ्या मुलांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या संमतीशिवाय दार उघडायला लावू नका, त्यांच्या वस्तूंचे फोटो काढू नका. जाताना त्या मुलांशी थोडं बोला : कुठून आलास, काय शिकतोस, कशाची अडचण आहे. देणगी कशावर खर्च करायची याचं उत्तर बहुतेक वेळा याच गप्पांतून मिळतं.

ग्रुप फोटो साडेदहाच्या आत, जेवणाच्या आधी. जेवणानंतर निम्मी माणसं पांगलेली असतात. पायऱ्या असलेली जागा आदल्या दिवशी बघून ठेवा, ज्येष्ठांसाठी पहिल्या रांगेत खुर्च्या मांडा, उन्हाची दिशा छायाचित्रकाराला विचारा. त्यानंतर हॉलमध्ये मुख्य कार्यक्रम, दीड तासाच्या आत. श्रद्धांजली आधी : प्रत्येक नाव, वर्ष आणि खोली क्रमांक वाचावा, सगळ्यांनी उभं राहावं. मग कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा सत्कार. शालीपेक्षा उपयोगाची वस्तू किंवा पाकिटातून रक्कम दिली तर त्यांना जास्त कामाची. मग संकल्प, म्हणजे वसतिगृहासाठी काय करणार ते. मग जेवण.

रॅगिंगबद्दल

हा भाग गाळू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये झाला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशभर लागू असलेले नियम २००९ मध्ये आले. त्याआधीच्या काळात जे घडलं ते काही जण आजही ‘गंमत’ म्हणून सांगतात. ज्याच्यावर ते घडलं त्याच्यासाठी ती गंमत नव्हती, आणि तो मेळाव्याला न येण्याचं तेच एक कारण असू शकतं. व्यासपीठावर, ग्रुपवर, स्मरणिकेत रॅगिंगचे किस्से घेऊ नका. जुनी चिडवायची नावं, विशेषतः जात, रंग, शरीर किंवा बोलीवरून पडलेली, बिल्ल्यावर छापू नका आणि माइकवरून पुकारू नका. आणि तुम्हाला आठवत असेल की तुम्ही कुणाला त्रास दिला होता, तर मेळाव्याची वाट न पाहता त्याला आधीच स्वतः फोन करा. मेळाव्याचं निमंत्रण त्या फोनमध्ये देऊ नका; माफी मागा आणि थांबा. निमंत्रण दुसऱ्या कुणाकडून जाऊ द्या.

जेवण, मुक्काम, पेय

केटररला हमीच्या ताटांची संख्या द्यावी लागते; त्याखाली माणसं आली तरी पैसे तेवढेच. पुढे आणखी काही ताटं वाढवता येतील का हे आधी विचारा आणि मग येणाऱ्यांपेक्षा थोडी कमीच हमी द्या. त्याच्याकडे अन्नसुरक्षा परवाना आहे का पाहा, दरात जीएसटी धरला आहे का हे लेखी घ्या. मेन्यू त्या गावाचा असावा. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा, सोबत शाकाहाऱ्यांसाठी आख्खा मसूर. मराठवाड्यात, विदर्भात तिकडचं. रविवारच्या जेवणात मेसच्या जुन्या फीस्टमधला एक पदार्थ नक्की ठेवा, जमल्यास जुन्या आचाऱ्याला विचारून. मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण बरेच असतील, तेव्हा जेवण वेळेवर द्या. सत्कार लांबले म्हणून दोन वाजेपर्यंत कुणाला ताटकळत ठेवू नका.

मुक्कामाला एका खोलीत तीन-चार जण ठेवा, शक्यतो जुने पार्टनर एकत्र. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना तळमजला.

दारूचा प्रश्न टाळू नका, ठरवून टाका. महाविद्यालयाच्या आवारात नाहीच. हॉलमध्ये ठेवायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो, आणि २६ जानेवारीसारख्या कोरड्या दिवशी तो प्रश्नच येत नाही. मुख्य कार्यक्रम तिच्याशिवाय ठेवा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वर्गणीत तिचा खर्च धरू नका. न पिणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांनी मोठ्या कष्टानं सोडली आहे त्यांनी, तो का भरावा? रात्री परत जाणाऱ्यांसाठी चालकासह गाड्या ठरवून ठेवा.

शेवटचे दोन आठवडे

‘येतो’ म्हणालेल्या प्रत्येकाला पुन्हा फोन. प्रवासाची वेळ, सोबत किती, मांसाहार-शाकाहार, औषधं, खोली तळमजल्याची हवी का, हे विचारून घ्या. वसतिगृहापासून सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं हे सगळ्यांना कळवा, आलेल्यांपैकी दोन डॉक्टरांना सांगून ठेवा, १०८ क्रमांक नोंदणीच्या टेबलावर लिहून लावा. स्मरणिका छापायची असेल तर तिचा मजकूर महिनाभर आधी बंद करा. उशिरा आलेले लेख नंतर डिजिटल प्रतीत घेता येतील. गावातल्या एस.टी. स्टँडवर आणि रेल्वे स्थानकावर ठरलेल्या वेळी एक ओळखीचा माणूस उभा ठेवा. गाडी नसलेला, पहिल्यांदाच येणारा मित्र तिथेच उतरतो.

मेळाव्यानंतर

पंधरा दिवसांत हिशेब. बिलांच्या प्रतींसह, रुपयापर्यंत. शिल्लक राहिली तर तिचं काय करायचं हे समितीनं परस्पर ठरवू नये, सगळ्यांना विचारा.

देणगीतून काय करावं? पंखे, रंगकाम, पाण्याची टाकी हे बरंच, पण पाच वर्षांत ते पुन्हा करावं लागतं. नोंदणीकृत संघाच्या नावे मुदत ठेव करून तिच्या व्याजातून दरवर्षी दोन-तीन मुलांची मेस फी भरणं मला अधिक टिकाऊ वाटतं. मुलं निवडताना गुणांपेक्षा गरज पाहा, आणि ती मदत घेणाऱ्यांची नावं फलकावर लावू नका. कमवा आणि शिका योजनेत काम करणाऱ्या मुलांना परीक्षेच्या महिन्यात काम न करता तेवढीच रक्कम मिळेल अशी सोय करणं हाही चांगला उपयोग आहे.

जे आले नाहीत त्यांना महिन्याभरात फोन करा, फोटोंची प्रत पाठवा. तक्रार करू नका, कारण विचारू नका. यादीचा तक्ता दोन तरुण माजी विद्यार्थ्यांच्या हाती द्या, त्यात मेळाव्यात मिळालेले नवे नंबर चढवा, आणि दरवर्षी जूनमध्ये वसतिगृह सोडून जाणाऱ्या मुलांची नावं, कायमचा पत्ता आणि घरचा एक फोन क्रमांक त्यांच्या संमतीनं रेक्टरांकडून त्यात भरून घेण्याचं काम त्या दोघांवर सोपवा.